टी-शर्टवाल्या पोरांना टाळ्या नकोत, ॲडव्हान्स द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यांची तयारी गोव्यात गावागावात सुरू झालीय, वाड्यावाड्यावर बांबू आणि सुतळ्या येऊन पडल्यात आणि त्याच्याबरोबर टी-शर्टांच्या ऑर्डरी पण सुरू झाल्यात. म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय, दिवाळी होऊन गेल्यावर लिहून काही उपयोग नाही. कॉलेजात शिकता शिकता टी-शर्ट छापून विकणाऱ्या पोरांबद्दल लिहायचंय. अशी पोरं आता फोंड्यात, डिचोलीत, म्हापशात, सगळीकडे दिसतात. त्यांचं कौतुक भरपूर होतं. कॉलेजच्या फेस्टला स्टॉल लागतो, कोणी पाहुणे येऊन फीत कापतात, फोटो छापून येतो, "युवा उद्योजक" म्हणून पाठ थोपटतात. पण त्याच पोरांना ऑर्डर देताना ॲडव्हान्स कोणी देत नाही आणि माल घेतल्यावर पैसे वेळेवर देत नाही. हे मी रोज बघतोय आणि आता बघवत नाही.

मी कोण ते आधी सांगतो. फोंड्याच्या बाजूला माझं छोटं छपाईचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बॅनर, बिलबुकं आणि बऱ्याच वर्षांपासून टी-शर्ट. म्हणजे खरं तर ही पोरं माझंच गिऱ्हाईक थोडंफार नेतात, तरीही मी त्यांच्या बाजूने लिहितोय, कारण त्यांचं काम मी जवळून बघितलंय.

माझ्याकडे येणारं एक टोळकं आहे, चौघं, दोन मुली दोन मुलगे, एकाच कॉलेजचे. एकीला डोकं लावून हिशेब ठेवायची हातोटी आहे, ती कॉमर्सला, एक मुलगा डिझाइन करतो, बाकीचे दोघं ऑर्डरी आणतात आणि पोचवतात. कोरे टी-शर्ट तिरुपूरहून मागवतात, म्हणजे तमिळनाडूतलं ते होजियरीचं गाव, देशभर असले बरेचसे टी-शर्ट तिथूनच जातात. १८० जीएसएमचा कॉटन, बायोवॉश केलेला, म्हणजे धुऊन कापडावरचे बारीक केस काढलेला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये, १४०-१५० चा घेतला तर स्वस्त पडतो पण उजेडात धरला की आरपार दिसतं आणि दोन धुण्यात गळा सैल होतो. पोरांनी पहिल्यापासून १८० च्या खाली उतरायचं नाही असं ठरवलंय, त्यामुळे बाजारात त्यांचा रेट वीस-तीस रुपये जास्त वाटतो, लोक तेवढंच बघतात.

छपाई दोन प्रकारे होते. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी जाळी करावी लागते, चार रंग म्हणजे चार जाळ्या. त्यामुळे शंभर-दोनशे नग असतील तर ती परवडते, पंधरा-वीस नगांना नाही. म्हणून छोट्या ऑर्डरीला आता डीटीएफ चालतं, म्हणजे डिझाइन आधी एका फिल्मवर छापायचं, त्यावर चिकटणारी पावडर टाकून भाजायची आणि मग ती फिल्म टी-शर्टवर ठेवून गरम प्रेसखाली दाबायची. फिल्म मी छापून देतो, प्रेस त्यांनी सेकंडहँड घेतलाय, एका मुलाच्या घरच्या व्हरांड्यात ठेवलाय. दीडशे डिग्रीच्या आसपास, दहा-पंधरा सेकंद, मग फिल्म थंड होऊ द्यायची, सोलायची आणि परत एकदा दाबायचं. हे परत दाबणं बरेच जण गाळतात, वेळ वाचतो म्हणून, आणि मग तिसऱ्या धुण्याला प्रिंटला भेगा पडतात. ही पोरं गाळत नाहीत. पावसाळ्यात आणखी ताप, हवेतल्या दमटपणाने पावडरीच्या गाठी होतात, आणि मध्येच वीज गेली तर प्रेस परत तापेपर्यंत बसून राहायचं. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी तर पाऊस, वीज आणि घाटात अडकलेलं पार्सल असं सगळं एकदम येतं.

साइझची गंमत वेगळीच. लोकांना वाटतं व्हॉट्सॲपवर यादी टाकली की झालं, पण एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीच्या एक्सएलएवढा असतो. त्या कॉमर्सवाल्या मुलीला मी दुकानातच बघितलंय, नवीन गठ्ठा आला की प्रत्येक साइझचा एकेक टी-शर्ट काढून टेबलावर सपाट पसरते, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावते, आकडा दुप्पट करून वहीत लिहिते, मग खांद्यापासून खालपर्यंत उंची, मग हाताची लांबी. टेप ओढत नाही, कापड ताणत नाही. आणि हे तीन-चार सँपल पिशवीत घालून मंडळाच्या बैठकीला घेऊन जाते, घालून बघा म्हणते आणि मग नाव लिहून घेते. तरी सुद्धा शेवटच्या दिवशी फोन येतोच, आमच्या अमक्याचा राहिला, तमक्याला डबल एक्सएल पाहिजे होता. त्या एका नगासाठी परत पार्सल मागवायला लागतं.

आणि मराठी अक्षरं! हे तुमच्यासारख्या पेपरवाल्यांना जास्त कळेल. देवनागरी मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेला की वेलांटी उडून पुढच्या अक्षरावर बसते, जोडाक्षर फुटतं, "श्री"चे दोन तुकडे होतात, "प्रसन्न"मधला न मोडतो. माझ्याकडे मोठमोठ्या लोकांच्या फाइली अशा फुटक्या येतात आणि कोणी बघत पण नाही. हा डिझाइनवाला मुलगा मात्र छापायच्या आधी कागदावर प्रिंट काढतो आणि मंडळाच्या कोणत्या तरी वयस्कर माणसाला वाचायला देतो, सही घेतो, मगच फिल्म काढायला सांगतो. देवाचं नाव पाठीवर चुकीचं छापून गावभर फिरवणं त्याला पटत नाही. मला हे फार आवडतं, उगाच सांगत नाही.

आता हिशेब बघा, कारण सगळं दुखणं इथेच आहे. कोरा टी-शर्ट दीडशेच्या आसपास, कर आणि ट्रान्सपोर्ट धरून घरी पोचेपर्यंत १६५. छपाई ५५. पिशवी, टेप, सटरफटर ५. म्हणजे २२५ रुपये खर्च. मंडळवाले घासाघीस करून करून २८० ला आणतात. एका नगाला सुटतात ५५ रुपये. साठ नगांची ऑर्डर असेल तर ३,३०० रुपये नफा, चौघांत वाटले की ८२५. पंधरा दिवसांच्या धावपळीचे ८२५. त्यातला एक टी-शर्ट दाबताना करपला की चार टी-शर्टांची कमाई गेली. आणि हे ८२५ मिळवायला आधी १३,५०० रुपये खिशातून घालायला लागतात, कारण तिरुपूरवाला उधारी देत नाही, पैसे आल्याशिवाय गठ्ठा हलवत नाही. आता अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांकडे साडेतेरा हजार कुठून येणार? ह्या टोळक्यात एकाच्या आईने आपल्या बचत गटातून कर्ज काढून दिलंय. दर महिन्याला हप्ता. ती बाई दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला जाते.

तर असं असताना एका सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाने, नाव घेत नाही, गाव पण सांगत नाही, ह्या पोरांकडून चवथीसाठी साठ टी-शर्ट घेतले. ॲडव्हान्स मागितला तेव्हा "आम्ही काय पळून जातोय?" म्हणाले. दोन दिवस आधी माल पोचला, सगळ्यांनी घातले, मिरवणुकीत नाचले, फोटो काढले, फेसबुकवर टाकले. पैसे आज दिवाळी तोंडावर आली तरी दिलेले नाहीत. आधी अध्यक्ष बाहेरगावी होते. मग लकी ड्रॉच्या कूपनांचा हिशेब व्हायचा होता. मग खजिनदार आणि सेक्रेटरीचं बोलणं बंद होतं. आणि आता म्हणतात, चार कार्यकर्त्यांचे टी-शर्ट फ्री धरा ना, एवढी मोठी ऑर्डर दिली तुम्हाला.

ती मुलगी पैसे मागायला गेली तेव्हा योगायोगाने मी तिथे होतो, माझं बॅनरचं बिल होतं. संध्याकाळची आरती व्हायची होती. ती मंडपाच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वही मांडीवर घेऊन बसली, आरती संपेपर्यंत बसली, प्रसाद घेतला, मग हळूच विचारलं. "बाय, फाल्यां ये गो," म्हणजे उद्या ये, एवढंच मंडळवाले म्हणाले. त्याच मंडपात माझं बिल मला त्याच रात्री मिळालं, कारण मी पुढच्या वर्षी बॅनर छापणार नाही म्हणालो असतो तर त्यांना अडचण झाली असती. पोरगी काय म्हणणार? तिच्याकडे धाक दाखवायला काहीच नाही. मोठ्या माणसांपुढे आवाज चढवायचा नाही हे आपणच शिकवलेलं, आणि त्याचाच फायदा आपण घेतो.

आणि एक सांगतो, त्या ऑर्डरीचे माझे छपाईचे पैसे पोरांनी मला ठरल्या दिवशी आणून दिले. त्यांचे अडकलेत म्हणून माझे अडकवले नाहीत. मी थांबा म्हटलं तरी ऐकलं नाही.

आता नरकासुराचं बघा. मी नरकासुराच्या विरोधात नाही, आमच्या वाड्यावर पण करतात, पोरं रात्र रात्र जागून कागद चिकटवतात, हात हलवणारा नरकासुर करतात, कला आहे ती. पण पैसे कसे जातात ते बघा. डीजेवाल्याला ॲडव्हान्स रोख, नाहीतर तो दुसऱ्या गावाला जातो. बांबूवाला रोख. जनरेटरवाला अर्धे आधी, अर्धे रात्री बाराच्या आत, नाहीतर मशीन बंद करतो. पहाटे नरकासुर जळून जातो आणि तोपर्यंत सगळ्यांचे पैसे चुकते झालेले असतात, फक्त टी-शर्टवाल्या पोरांचे सोडून. त्यांना सांगतात स्पर्धेचं बक्षीस मिळालं की देतो. बक्षीस नाही मिळालं तर? पोरांनी काय नरकासुरावर जुगार लावला होता काय? ज्याचा माल सगळ्यात आधी हातात येतो त्याचे पैसे सगळ्यात शेवटी, हा कुठला न्याय झाला.

सगळे असे नाहीत हे पण लिहायला पाहिजे. पंढरपूरला पायी जाणाऱ्या एका वारकरी पथकाने ह्याच पोरांकडून टी-शर्ट आणि टोप्या करून घेतल्या. पथकातल्या एका आजोबांनी पहिल्याच भेटीत अर्धे पैसे मोजून दिले, पावती मागितली, साइझची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली आणि माल घ्यायला आले तेव्हा बाकीचे. एक नग शिलाईत उसवला होता तो दाखवला, पोरांनी बदलून दिला, विषय संपला. त्यांना कोणी उद्योजकता वगैरे सांगितलेली नव्हती. दुसऱ्याचं घेतलं की द्यायचं एवढंच त्यांना ठाऊक.

कॉलेजांबद्दल आता. नवीन शैक्षणिक धोरणात कौशल्य, इंटर्नशिप, स्वतःचा व्यवसाय ह्यावर एवढं बोललं जातं, गोव्यात पदवीला ते २०२३-२४ पासून लागू झालं, कॉलेजात उद्योजकता सेल आहेत, पोस्टर लागलेत, भाषणं होतात. आणि त्याच कॉलेजच्या फेस्टचे दीड-दोनशे टी-शर्ट बाहेरच्या पार्टीकडून येतात. एका कॉलेजात पोरांनी कोटेशन दिलं, रेट कमी होता, सँपल पसंत पडलं, मग ऑफिसने सांगितलं जीएसटीचं बिल पाहिजे. पोरांकडे जीएसटी नंबर नाही. ऑर्डर गेली दुसरीकडे, आणि त्या दुसऱ्याने ती छापून कुठून घेतली? माझ्याकडून. पोरांनी दिलेल्या रेटपेक्षा कॉलेजला जास्त पडले.

आता नियम काय आहे ते पण लोकांना कळू दे, कारण जीएसटी म्हटलं की सगळे उगाच घाबरतात. मालाचा धंदा असेल, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसलेला माणूस साधं बिल देऊ शकतो, फक्त त्यात जीएसटी लावायचा नाही. म्हणजे पोरांचं साधं बिल हे काही दोन नंबरचं नसतं. कॉलेजला तसाही टी-शर्टावर भरलेल्या जीएसटीचा परतावा बहुतेक मिळत नाही, मग जीएसटीच्या बिलाचा आग्रह कशासाठी? प्रत्येक संस्थेचे खरेदीचे आपले नियम असतील, मान्य, पण मॅनेजमेंटने एक ठराव करून आपल्याच विद्यार्थ्यांच्या छोट्या ऑर्डरीला साधं बिल चालेल असं ठरवलं तर कोण अडवणार आहे? हवं तर छोट्या उद्योगांसाठी केंद्र सरकारची उद्यम नोंदणी असते ती मागा, ती २०२० पासून ऑनलाइन आहे, आधारवर होते, एक पैसा लागत नाही. पोरांनी ती केलेली पण आहे, सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून बरोबर घेऊन फिरतात.

आणि जीएसटीची नोंदणी करूनच टाका ना, असं म्हणणारे पण भेटतात. केली की मग रिटर्न भरत बसायचं, धंदा नसला तरी शून्याचं रिटर्न, विसरलं की दिवसाला दंड. परीक्षेच्या महिन्यात धंदा बंद ठेवणाऱ्या पोरांना हे कसं जमायचं? पण गोव्याची अडचण अशी की आपलं राज्य एवढंसं. पुण्यातल्या पोराला शंभर-दोनशे किलोमीटर कुठेही गेलं तरी महाराष्ट्रच. आमच्या इथे पत्रादेवीचा नाका ओलांडला की दुसरं राज्य, बांदा-सावंतवाडी पेडण्याला अगदी लागून, अर्ध्या पेडण्याचे पाहुणे तिथले. सावंतवाडीच्या एका क्रिकेट टीमने पोरांना टी-शर्ट विचारले होते. टी-शर्टासारखा माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची होते. पोरांनी नियम वाचला आणि ऑर्डर सोडली. गुपचूप पाठवली असती तर कोणाला कळलंही नसतं, पण त्यांना तसलं नको होतं. टी-शर्टावरचा कर ५ टक्के आहे, सप्टेंबर २०२५ पासून तर २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्केच केलाय, ते चांगलं झालं, पण ह्या नोंदणीच्या अटीचं काय? सीमेवरच्या छोट्या राज्यातल्या छोट्या विक्रेत्याला काही तरी सवलत मिळायला हवी, आपल्या खासदारांनी आणि सरकारने हे जीएसटी कौन्सिलपुढे मांडावं. तिथे प्रत्येक राज्याला बसायला जागा आहे, गोव्याला पण.

डिझाइनचं एक सांगायचं राहिलं. गिऱ्हाईक येतं आणि मोबाइल पुढे करतं, हे छापून द्या. त्यात कधी मोठ्या ब्रँडचा लोगो असतो, कधी फुटबॉल क्लबचं चिन्ह, आणि फार वेळा आपले व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं. मारिओंची चित्रं म्हणजे गोवा, सगळ्यांना आवडतात, पण ती फुकटची नाहीत. ते २०११ मध्ये गेले, आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०७१ संपेपर्यंत. बाजारात सर्रास नकला विकतात. ह्या पोरांनी छापणार नाही म्हणून सांगितलं, दोन-तीन गिऱ्हाइकं त्यामुळे गेली, आणि मग स्वतःची डिझाइनं काढायला बसले. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळांनी भरलेली जी चौकट बांधतात तिचं, डिझाइन काढलं, आंबाडे, तोरंजन, कवंडळ, घागऱ्या, सुपारीचा घोस, सगळं रानातलं आणि कुळागरातलं (सुपारीच्या बागेतलं), छातीवर आडवं बांधल्यासारखं. शिगम्याला, म्हणजे आमच्या होळीच्या सणाला, रोमटामेळाच्या मिरवणुकीतले ढोल आणि घोडेमोडणीचा नाच, माशेलला चिखलात खेळतात त्या चिखलकाल्याला चिखलाच्या हातांचे ठसे. माटोळीत काय काय बांधतात हे विचारायला तो डिझाइनवाला मुलगा आजीकडे जाऊन बसला होता, एकेक फळ कागदावर काढून आणलं. अशी डिझाइनं बाहेरून येणाऱ्या टी-शर्टांवर मिळणार नाहीत. कोलवाळच्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी आपल्या कुणबी साडीला परत मान मिळवून दिला, त्यांना २०१४ ला पद्मश्री मिळाली. गोव्यातलं काही तरी कपड्यावर आणणारी माणसं मोठी व्हायला आधी छोटी असावी लागतात ना? ती छोटी असताना त्यांना पोसायचं कोणी?

पोरांच्या पण चुका होतात, त्या झाकून लिहिणार नाही. काही टोळकी अशी आहेत की ऑर्डर मिळावी म्हणून खर्चाच्या खाली रेट देतात, मग कापड हलकं घालतात, आणि त्यांच्यामुळे सगळेच बदनाम होतात. काही जण तारीख देतात आणि फोन उचलत नाहीत. तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की धंदा बंद, मग प्रिंट गेला तर गिऱ्हाइकाने जायचं कुठे, हा प्रश्न खरा आहे. त्यांना मी दुकानात सांगतो, तेच इथे सांगतो. लाजू नका. ऑर्डर घेतली की कागदावर लिहा, किती नग, कुठला कापड, कधी देणार, पैसे कधी मिळणार, आणि दोघांच्या सह्या. अर्धे पैसे आल्याशिवाय तिरुपूरला फोन करू नका, समोर सख्खा काका असला तरी. जमणार नसेल तर आठ दिवस आधी सांगा. धुवायची पद्धत चिठ्ठीवर लिहून पिशवीत घाला, उलटा करून धुवा, प्रिंटवरून इस्त्री फिरवू नका, म्हणजे निम्मी भांडणं होत नाहीत. आणि स्वस्त देऊन मोठं होता येत नाही ह्या धंद्यात, स्वस्त देणारा तुमच्यापेक्षा जास्त स्वस्त देणारा येईपर्यंतच टिकतो.

आईवडिलांना पण एक विनंती आहे. घरात म्हणतात, हे टी-शर्टबिर्ट सोड आणि सरकारी नोकरीचा फॉर्म भर. फॉर्म भरू दे, कोण नको म्हणतंय? पण त्या कॉमर्सवाल्या मुलीला आज कॉस्टिंग येतं, गिऱ्हाइकाशी बोलता येतं, बिल करता येतं, नाही म्हणता येतं. उद्या ती कुठल्याही नोकरीला गेली तरी हे तिच्याबरोबर जाणार. ते वाया गेलेलं वर्ष नव्हे.

पंचायतींकडे पण बघायला पाहिजे. १ ऑक्टोबर २०२० ला राज्य सरकारची स्वयंपूर्ण गोवा मोहीम सुरू झाली, गावागावात स्वयंपूर्ण मित्र म्हणून सरकारी अधिकारी नेमले, गावात लागणारं गावात तयार व्हावं ही कल्पना चांगलीच आहे. मग पंचायतीच्या क्रीडा स्पर्धेचे, स्वच्छता मोहिमेचे, गावच्या फुटबॉल टीमचे टी-शर्ट गावातल्या कॉलेजच्या पोरांकडून का नको? स्वयंपूर्ण मित्राने आपल्या गावात कोण पोरं हे काम करतात त्यांची नावं पंचायतीच्या बोर्डावर लावावीत, एवढं तर खर्चाशिवाय होण्यासारखं आहे. आणि ऑर्डर दिली तर बिल महिन्याच्या आत काढावं. सरकारी बिल सहा महिने थांबवायला ही पोरं काही कंत्राटदार नव्हेत.

मंडळांना, क्लबांना, कॉलेजच्या कमिट्यांना माझं सांगणं साधं आहे. ऑर्डर देताना अर्धे पैसे द्या, यादी एकदाच द्या आणि ठरल्या तारखेनंतर बदलू नका, माल मोजून घ्या, खराब असेल तर तिथल्या तिथे परत करा, चांगला असेल तर उरलेले पैसे त्याच हाताने द्या. फुकट काही मागू नका. आपल्या गावची पोरं आहेत म्हणून सूट मागता, तर आपल्या गावची पोरं आहेत म्हणून पैसे आधी का देत नाही?

आणि चवथीचे पैसे ज्यांनी ज्यांनी अजून दिले नाहीत, त्यांनी ते आधी द्यावेत, मग नरकासुराच्या ऑर्डरीचं बोलावं. फोंडा तालुक्यातल्या आम्ही तीन-चार छपाईवाल्यांनी आपसात बोलून ठरवलंय की ज्या मंडळाकडे पोरांची बाकी आहे त्यांचं नरकासुराचं काम ती बाकी चुकती केल्याशिवाय घ्यायचं नाही. बॅनर पण नाही. इतर तालुक्यांतल्या छपाईवाल्यांनी पण असंच करावं, ही तुमच्या पेपरातून त्यांना विनंती. बचत गटाचा पुढचा हप्ता दिवाळीच्या आधी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक छपाईवाला, फोंडा
(पोरांची ओळख पटेल म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.)